शेड कार्ड

अक्कलकोट रोड एमआयडीसीत,
बंद पडलेल्या सायझिंगच्या शेडमध्ये
इरय्या म्हमाणेची पावडर कोटिंगची भट्टी.
दुपारचे दोन. बाहेर बेचाळीस, आत दोनशे.
"सोलापुरात भट्टी टाकलोय, निम्मं बिल ऊनच भरतंय,"
हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत असणार.

रिक्षात चार चाकं, त्यांच्यामध्ये मी आणि नाना.
गाडी घरी विटांवर उभी.
कडा कुरतडलेल्या, लॅकर पापुद्र्यांनी सुटलेलं,
आधीच्या मालकाची सोनेरी हौस
खाचांतून अजून डोकावणारी.

इरय्यानं कार्ड उलगडलं.
इथं रंगांना नावं नाहीत, नंबर आहेत.
नव्वद शून्य पाच: काळा.
सत्तर सोळा: काळ्याकडे निघालेला करडा.
मॅट, सॅटिन, ग्लॉस,
आणि एक सुरकुत्यांचा, इंजिनावरच्या झाकणाला शोभणारा.
मी काळ्यावर बोट ठेवलं.
मॅट. कुणीही ठेवलं असतं.

"नलुपु वद्दु," नाना म्हणाले.
काळा नको.

एकतीस वर्षं त्यांनी डायहाउसात सूत उकळलं.
चादरीवरच्या मोराचा हिरवा
नुसत्या नजरेनं जुळवला, कार्डाशिवाय.
आता एका डोळ्यात भिंग, दुसऱ्यात धुकं.
"लॉट बिघडला, की आम्ही काय करायचो?
डाग पडला, पट्टा पडला, लाल नीट चढला नाही?
काळ्यात घालायचो.
गोदामातला सगळा काळा माल
म्हणजे आमच्या चुका, बाबा."

इरय्या हसला. मी नाही.

तोवर पोरानं चाकं वाळूच्या फवाऱ्याखालून काढली.
सोनेरी गेला, त्याखालचा चंदेरी गेला,
उरला उघडा धातू,
पहिल्यांदा वस्तरा फिरलेल्या गालासारखा.
पोर नटांच्या जागी टोप्या बसवू लागला.
तिथं रंग चढू द्यायचा नसतो;
जिथं धातूला धातू घट्ट धरतो,
तिथं शोभा मधे आली की नट सैल होतो.
हे मला माहीत नव्हतं.
नानांनी मान हलवली, जणू त्यांना होतं.

मग उगीचच,
धाग्यातली गाठ शोधावी तसा
त्यांनी एकेका चाकावरून अंगठा फिरवला.
पहिलं. दुसरं. तिसरं.
चौथ्यावर, दांडी रिंगला मिळते तिथं,
अंगठा थांबला, मागे आला, पुन्हा गेला.
"हे बघ."
मला काही दिसेना.
इरय्यानं लाल द्रव शिंपडला, पुसला, पांढरी भुकटी मारली.
भुकटीवर हळूहळू
केसाएवढी एक लाल रेघ उमटली.

होटगी रोडचा तो खड्डा असेल.
किंवा आधीच्या मालकाचा एखादा खड्डा,
ज्यावर सोनेरी मारून त्यानं गाडी विकली.

"रंग देतो मी, पैसेबी घेतलो असतो," इरय्या म्हणाला,
"पण हे चाक मी आकड्याला लावणार नाही.
वर रंग बसला, की तुम्हीबी विसरणार, मीबी."

तीन चाकांना मातीची तार जोडली.
बंदुकीतून भुकटी निघाली
आणि वळून, पाठीमागूनसुद्धा,
धातूला जाऊन बिलगली.
कुणी ढकललं नव्हतं तिला.
नाना जाळीपाशी उभे राहून बघत होते,
नखांच्या मुळाशी अजून निळी रेघ.
"पाणी नाही," ते म्हणाले,
"पाण्याशिवाय रंग!"

रंग त्यांनीच ठरवला:
फिका, राखेत दूध सांडल्यासारखा,
शाळेच्या बाकांच्या बॅचमध्ये बसणारा, म्हणून स्वस्त.
"ज्यावर बिघाड आधी दिसेल, तो घे.
तेल गळलं, दिसेल. तडा गेला, दिसेल."

चौथं चाक भंगार बाजारात सापडलं,
दुसऱ्याच नक्षीचं.
लांबून बघणारे विचारतात.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी
नाना गाडीशेजारी उकिडवे बसतात,
एक हात बॉनेटवर, तोल सांभाळत,
आणि अंगठा फिरवतात.
तीन चाकं भरभर.
परक्या चाकापाशी जरा जास्त वेळ.